नातं निघालं की नोकरी गेली

आमच्या बापूसाहेबांपुढे कोणताही माणूस बसवावा आणि त्यांना दोन-चार प्रश्न विचारू द्यावेत. पाचवा प्रश्न येण्याआधी तो माणूस त्यांचा नातेवाईक निघत असे. फुगवून सांगण्याचा माझा स्वभाव नाही. मी जन्मभर हायस्कुलात कारकुनी केली आहे, आणि जे घडलं तेवढंच लिहायचं ही माझी सवय आहे.

एकदा त्यांच्या शेतात कापूस चोरताना एक माणूस सापडला. राखणदारानं त्याचे हात बांधून त्याला बापूसाहेबांच्या ओसरीवर आणून उभं केलं. बापूसाहेब दुपारच्या झोपेतून नुकतेच उठले होते. त्यांनी चष्मा लावला आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "कोनाचा बे तू?" मग गाव विचारलं. मग मामाचं गाव विचारलं. चोर रडवेल्या आवाजात उत्तरं देत होता आणि बापूसाहेबांचा चेहरा खुलत चालला होता. शेवटी त्यांनी मांडीवर थाप मारली. "निघालं बाप्पा. अरे, हा तं आपल्या साडूच्या मामेभावाचा जावई. सोड त्याचे हात."

चोराला चहा मिळाला, पोहे मिळाले आणि निघताना टोपी-उपरणं मिळालं, कारण जावई पहिल्यांदाच घरी आला होता. चोरलेला कापूस राखणदारालाच जावयाच्या डोक्यावर चढवून द्यावा लागला. राखणदार त्यानंतर बरेच दिवस कोणाशी बोलत नव्हता.

कोणी म्हणेल, नातं काय, आपापल्या जातीतच निघणार. बापूसाहेबांना ही अडचण कधी आली नाही. सोयरिकीचं नातं नाही निघालं तर ते गावनातं काढत. मलकापूरचा एक मुसलमान पोरगा अत्तर विकायला आमच्या गावात यायचा. ओठावर मिसरूडही नीट फुटलेलं नव्हतं. बापूसाहेबांच्या सासूबाई माहेरच्या मलकापूरच्या. म्हणजे गावनात्यानं तो पोरगा त्यांचा मामेसासरा. हे लक्षात येताच बापूसाहेब त्याच्या पाया पडायला वाकले. पोरगा घाबरून मागे सरला आणि अत्तराची पेटी उलटली. आमच्या गावातला तो रस्ता पुढे कितीतरी दिवस गुलाबाचा वास मारत होता.

आमचं गाव संग्रामपूरच्या अलीकडे, सातपुडा डोळ्यांसमोर ठेवून बसलेलं. संध्याकाळी मलकापूरची एसटी यायची तेव्हा बापूसाहेब थांब्यावर हजर असायचे. त्यांना कुठं जायचं नसे आणि त्यांच्याकडे कोणी येणारही नसे. ते खिडकीतून आतल्या माणसाशी बोलत. कंडक्टरनं घंटी मारली तरी ते खिडकीचा गज सोडत नसत. "थांबा हो, आजोळ सांगून राह्यले ते," असं म्हणत. ड्रायव्हर निमूटपणे इंजिन बंद करी. त्याचंही नातं केव्हाच निघालं होतं.

असा हा माणूस आमच्या हायस्कूलच्या समितीचा अध्यक्ष झाला, आणि तोही नातेवाइकांच्या विरोधात निवडून येऊन.

त्याचं असं झालं. महाराष्ट्र राज्य नवं नवं झालं होतं आणि गावोगाव हायस्कुलं निघत होती. आमच्याही गावात निघालं. पहिल्या अध्यक्षांना मुली पुष्कळ होत्या, त्यामुळे शाळेला मास्तरांचा तुटवडा पडला नाही. एकेका मुलीचं लग्न झालं की एकेक विषय सुरू व्हायचा. दिवाळीत सगळा स्टाफ एकाच घरी, एकाच सासूच्या हातचा फराळ करायला बसलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. भूगोलाच्या जावयांना खिडकीतून दिसणारा सातपुडा नकाशात सापडत नसे. इंग्रजीचे जावई वर्गात इंग्रजी बोलायला लाजायचे. पोरं नापास व्हायला लागली तेव्हा गाव चिडलं, जावई एकेक करून आपापल्या गावी गेले आणि नवी समिती आली.

बापूसाहेबांनी मारुतीच्या पारावर, सगळ्या गावादेखत शब्द दिला. "या शाळेत समितीच्या कोनाचाही नातेवाईक लागनार नाही. माझा तं नाहीच नाही. आन चुकून लागला, तं मी त्या दिवशी खुर्ची सोडून देईन." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. या माणसाला नातेवाईक किती, हे टाळ्या वाजवताना कोणाच्याही डोक्यात आलं नाही.

खुर्चीवर मात्र बापूसाहेबांचा फार जीव होता. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. घरी स्वयंपाकाला सरूबाई यायची, ती चूल विझली की निघून जायची. म्हणून सकाळी पहिल्या घंटेच्या आधीच ते शाळेत येत. फळे पुसले आहेत का बघत, रांजणात पाणी आहे का बघत, प्रार्थनेला पोरांच्या मागे उभे राहून सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात गात. शाळा सुटली की त्यांचा चेहरा उतरायचा. सुट्ट्या लागल्या की ते आजारीच पडत.

पहिली मुलाखत गणिताच्या मास्तरांसाठी होती. मी टिपणं काढायला बसलो होतो. शेजारी हेडमास्तर होते. ते आकोल्याकडचे, नेमस्त आणि भित्रे. उमेदवार हुशार होता. हेडमास्तर त्याला भूमितीचं काही विचारणार तेवढ्यात बापूसाहेबांनी हात वर केला. "कोनाचे म्हना तुमी?"

पुढचं सांगायला नको. "निघालं बाप्पा," म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली, उमेदवार आनंदानं हसला, आणि बापूसाहेबांचा चेहरा एकदम पडला. "म्हंजे तुमाले घेता येत नाही," ते म्हणाले. "खटला खारीज."

दुसऱ्या उमेदवाराचं तेच झालं. तिसरा ब्राह्मण होता, देऊळगाव राजाचा. हेडमास्तरांना जरा आशा वाटली. पण त्याच्या आजोबांनी बालाजीच्या यात्रेत बापूसाहेबांच्या वडिलांची पूजा सांगितली होती. "म्हंजे आमच्या उपाध्यायाचं घर. घरचेच झाले हे. खटला खारीज."

बरं, नाकारलेल्या उमेदवाराला ते तसंच जाऊ देतील तर शपथ. नातेवाईक होता ना तो. त्याला घरी नेऊन पाटावर बसवायचं, सरूबाईच्या हातचं वरण-पोळी, वांग्याची भाजी, वर तुपाची धार. आग्रह असा की उमेदवाराला उठता येऊ नये. थोड्याच दिवसांत ही बातमी पंचक्रोशीत पसरली आणि अर्ज वाढले. एक गृहस्थ तर दोनदा येऊन गेले. दुसऱ्या वेळेला त्यांनी सोबत मेहुणाही आणला होता. त्यानं अर्जच केला नव्हता, तरी त्याचाही खटला खारीज झाला आणि दोघं जेवून गेले.

वशिल्यानं येणाऱ्यांची गत याहून वाईट. तालुक्याचे एक बडे कंत्राटदार आपल्या भाच्याला घेऊन आले. खुर्चीत ऐसपैस बसले आणि वशिल्याची माणसं म्हणतात तेच म्हणाले, "बापूसाहेब, आपला मानूस आहे."

"आपला आहे?" बापूसाहेबांनी विचारलं.

"अगदी आपला."

"मंग कसा घ्यावा? आपला चालत नाही ना. परका आना एखादा."

कंत्राटदारांना ही चेष्टा वाटली. ते हसले. मग काम झालंच अशा समजुतीनं मला डोळ्यानं खुणावून ते भाच्याला घेऊन निघाले, पण बापूसाहेबांनी दोघांना जेवल्याशिवाय सोडलं नाही.

या सगळ्यात माझी नोकरी जाता जाता राहिली. माझी नेमणूक आधीच्या समितीतली, तेव्हा मी निर्धास्त होतो. एके दिवशी बापूसाहेब माझ्या टेबलापाशी येऊन उभे राहिले. चेहरा असा की घरात कोणी गेलं असावं. "वाईट झालं हो," ते म्हणाले. "तुमच्या बायकोची मावशी आमच्या चुलत साडूच्या घरी दिलेली आहे. आज निघालं."

माझी बुद्धी शाबूत होती. मी सांगितलं की मावशीच्या माहेरचं आणि सासरचं बोलणं कधीचंच बंद आहे. लग्नात जिलबी अर्ध्या पंगतीला संपली, तेव्हापासून ते एकमेकांच्या दारावरून जात नाहीत. बापूसाहेबांनी बोटांवर दोन्ही घरं मोजून पाहिली. "बोलनं बंद म्हंजे नातं तहकूब," ते म्हणाले. "जोवर भांडन, तोवर नोकरी."

तेव्हापासून ते भांडण टिकवणं ही माझी जबाबदारी झाली. दोन्ही घरांत समेट व्हायची कुणकुण लागली की मी बायकोला मावशीकडे पाठवायचो. ती बिचारी तिथं जाऊन गप्पांच्या ओघात जिलबीचा विषय काढून यायची.

इकडे गणिताची जागा रिकामीच. ड्रिल मास्तर गणित शिकवायचे. त्यांना तीनच्या पुढं मोजायची सवय नव्हती. मॅट्रिकची परीक्षा तोंडावर आलेली. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, "बापूसाहेब, तुम्ही काही विचारूच नका ना. मी विचारतो, गणिताचं."

"नातं पाह्यल्याबिगर नियम कसा पाळू?"

"निघालं तर पाळायचं ना? काढूच नका."

हे बापूसाहेबांना पटलं नाही, पण पोरांसाठी त्यांनी कबूल केलं. पुढच्या मुलाखतीला ते तोंडात पानाचा भलामोठा तोबरा भरून बसले, बोलता येऊ नये म्हणून. उमेदवार आला. हेडमास्तरांनी बीजगणित विचारलं, भूमिती विचारली, सगळं बिनचूक. बापूसाहेब घामाघूम झाले होते, पण गप्प होते. हेडमास्तर "छान" म्हणून उठणार, तेवढ्यात बापूसाहेबांची नजर उमेदवाराच्या कानांवर गेली. कान चांगले मोठे आणि पुढं आलेले. बापूसाहेबांनी अख्खा तोबरा गिळला, खोकले, डोळ्यांत पाणी आलं, आणि म्हणाले, "हे कान आमच्या थोरल्या वहिनीच्या माहेरचे. खटला खारीज."

हेडमास्तरांनी त्या दिवशी रजा टाकली.

त्यानंतर आली सुमतीबाई. गणित शिकवायला बाई येईल, हेच कोणाच्या स्वप्नात नव्हतं. पांढरं सुती लुगडं, हातात पत्र्याची पेटी, मलकापूरहून एसटीनं एकटी आलेली. बापूसाहेबांनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली.

"गाव कोनतं?"

"नागपूर."

"मूळ गाव?"

"तेच म्हणायचं."

"वडील काय करते?"

"ठाऊक नाही."

"आजोळ?"

"नाही." ती शांतपणे सांगत होती. हे प्रश्न तिला नवे नव्हते. "मी अनाथाश्रमात वाढले. दारात ठेवलेली सापडले म्हणतात. आडनावसुद्धा आश्रमानं दिलेलं आहे."

बापूसाहेबांनी पुन्हा एकदा उसनं बळ आणून विचारलं, "कोनी मावशी? आत्या? दूरची?"

"कोणी नाही."

त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच परकं माणूस भेटलं होतं. ज्याची त्यांनी एवढी वाट पाहिली ते समोर बसलेलं असताना त्यांच्या तोंडावर आनंद दिसेना. हेडमास्तरांनी गणितं घातली, तिनं ती सोडवली. "घ्या," एवढंच बापूसाहेब म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले. नाकारलेले सगळे त्यांच्या घरी तुपाशी जेवून गेले होते. निवडलेल्या सुमतीबाईला मात्र जेवायला मी माझ्या घरी नेलं, कारण ती बापूसाहेबांची कोणी नव्हती.

त्या दिवसापासून बापूसाहेबांनी एक नवंच व्रत घेतलं. सुमतीबाईची आणि आपली ओळख वाढू द्यायची नाही. ओळखीतून घरोबा होतो, घरोब्यातून नातं होतं आणि मग खटला खारीज. ती समोरून आली की ते रस्ता सोडून गोठ्याआड उभे राहत. एकदा ती विचारपूस करायला घराकडे आली तर त्यांनी सरूबाईला "घरी नाहीत" असं सांगायला लावलं आणि स्वतः कणगीमागे लपले. तिथं त्यांना शिंक आली. सुमतीबाई समजूतदार, ती शिंकेला नमस्कार करून परत गेली.

पण त्यांना राहवतही नव्हतं. मग मला बोलावणं यायचं. "त्या बाईले इथलं पानी मानवते का, इचारा. माझं नाव नका सांगू." तुरीच्या शेंगा आल्या की टोपलीभर माझ्या हाती. हुरडा आला की हुरडा. "शाळेतून आलं म्हना." शाळा हुरडा कुठून देईल, हे त्यांना सुचलं नाही आणि मीही सुचवलं नाही, कारण वाटेत अर्धा हुरडा आमच्या घरी उतरत असे. तिच्या खोलीची कौलं गळायला लागली तेव्हा बापूसाहेबांचा गडी रविवारी वर चढून ती शाकारून आला.

सुमतीबाईनं वर्ग असा सांभाळला की पोरं मधल्या सुट्टीतही गणितं मांडायला लागली. मॅट्रिकचा निकाल लागला तेव्हा गावानं पेढे वाटले. बापूसाहेबांनी तिचं अभिनंदन माझ्यामार्फत केलं.

दुसऱ्या वर्षी आमच्या पोस्टात देऊळगाव राजाकडचा एक तरुण पोस्टमास्तर आला. मुलगा सरळ, कामसू. त्याला सुमतीबाई पसंत पडली आणि तिलाही तो. माझ्या बायकोला तिनं तसं न लाजता सांगितलं. जात-कूळ काही ठाऊक नाही, हे त्यानं घरी आधीच कळवलं होतं आणि त्यावर पुष्कळ भांडणही होऊन गेलं होतं. शेवटी त्याचा बाप मुलगी बघायला आला. फेटा बांधलेला, रुबाबदार म्हातारा. बैठक माझ्या घरी. शाळेतर्फे कोणीतरी मोठं माणूस हवं म्हणून मी बापूसाहेबांना ओढून आणलं. ते दाराजवळच्या बाजेवर अंग चोरून बसले. "मी फक्त अध्यक्ष म्हनून आलो," असं त्यांनी आल्याबरोबर जाहीर केलं.

चहा झाला. म्हाताऱ्याला मुलगी आवडल्याचं दिसत होतं, पण तो नुसता बशी फिरवत बसला. बापूसाहेबांना राहवलं नाही. "तुमचं आजोळ कोनतं?" त्यांनी विचारलं. अर्धं पान चघळून होईपर्यंत म्हातारा त्यांच्या आत्याच्या दिराचा मावसभाऊ निघाला. "निघालं बाप्पा." दोघं खूष होऊन उराउरी भेटले.

"आता तुम्ही घरचेच निघालात," म्हातारा म्हणाला, "मंग तुमच्यापासून काय झाकू. पोरगी लाखात एक हाय. माझं काही म्हननं न्हाई. पन उद्या भावकी इचारंल, कुनाची लेक आनली? आमच्या लोकायला मी काय सांगू? तुम्हीच सांगा, कुनाची म्हून सांगू?"

सुमतीबाई आतल्या दारात उभी होती. तिनं मान खाली घातली. या एका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडे नव्हतं, आणि ते नसलं तर ही सोयरीक इथंच मोडणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मी बापूसाहेबांकडे पाहिलं. मारुतीच्या पारावरचा त्यांचा शब्द मला आठवला. त्यांनाही आठवला असणार, कारण त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली, शाळा ज्या बाजूला आहे त्या बाजूच्या भिंतीकडे बघितलं.

"माझी," ते म्हणाले.

म्हातारा त्यांच्याकडे बघत राहिला. बापूसाहेबांना मूलबाळ नाही हे नातं काढतानाच त्याला कळलं होतं.

"माझी लेक आहे म्हून सांगा," बापूसाहेब पुन्हा म्हणाले. "कोनी इचारलं तं माझ्याकडे पाठवा."

म्हाताऱ्यानं फेटा नीट केला. "मंग बोलनंच खुंटलं," तो म्हणाला, "सुपारी आना." माझी बायको आतून बाहेर आली आणि डोळे पुसत म्हणाली, "सुपारीले जरा वेळ लागन. पोरगी रडून राह्यली." तिचंही नाक लाल झालं होतं. माझं काय झालं होतं ते मी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूसाहेबांनी समितीची सभा बोलावली. अध्यक्षांच्या खुर्चीवर न बसता ते समोरच्या बाकावर बसले, उमेदवार बसतात तिथं. "लिहा," ते मला म्हणाले. "अध्यक्षाची मुलगी शाळेत नोकरीले आहे. सबब अध्यक्ष खुर्ची सोडून राह्यले."

सभासद हसले. त्यांना वाटलं, नवं काहीतरी खूळ. मग बापूसाहेब हसत नाहीत हे पाहून हेडमास्तर काकुळतीला आले. "अहो, नेमणूक झाली तेव्हा कुठं नातं होतं? तुम्हीच खोदून खोदून विचारलं होतंत."

"तवा नव्हतं. आता आहे."

"तुम्ही नसलात तर शाळेत सकाळी कोण येईल?" हेडमास्तर म्हणाले. ते खरंच रडवेले झाले होते. बापूसाहेबांनी फळ्याकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. खुर्ची सोडणं त्यांना किती जड जात होतं ते लपत नव्हतं.

शेवटी किराणा दुकानवाले सभासद पुढं झाले. ते समजूतदार माणूस. "बापूसाहेब, कायले तानता एवढं? सगळ्यांले माहीत आहे, ती काही तुमची खरी पोरगी नाही. म्हंजे नियम लागूच होत नाही. बसा आपल्या खुर्चीवर."

खुर्ची राखायला एवढी सोपी वाट त्यांना आयुष्यात पुन्हा मिळणार नव्हती. 'खरी पोरगी नाही' हे ऐकून बापूसाहेब मात्र भ्यायलेले दिसले. इतके भ्यायलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"काऊन लागू होत नाही?" ते म्हणाले. "लिहा हो तुमी. मुलगी, असं लिहा."

मी लिहिलं. त्यांनी तो कागद माझ्या हातून घेतला आणि एकेका सभासदापुढं धरून प्रत्येकाची सही घेतली. किराणावाल्यांची सही पुसट उठली होती, ती त्यांना दुसऱ्यांदा करायला लावली. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी मला तो ठराव पहिल्यापासून वाचायला सांगितला.